नाव कुणाच्या वहीत?

माझा भाचा पोकलेनवर हेल्पर म्हणून निघालाय, हे घरात सगळ्यांना कळून झाल्यावर शेवटी आण्णांना कळलं. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वय पंचाहत्तरीच्या पुढं. सारी उमर इंजिनाच्या आवाजात गेल्यामुळं ऐकू कमी येतं, पण समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. गेवराईतल्या आमच्या घराच्या ओसरीवर ते खाटेवर बसले होते. हातानं खूण करून त्यांनी पोराला समोर बसवलं. पगार किती, मुक्काम कुठं, जेवणाचं काय, हे सगळं त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं ते एवढंच, "तुपलं नाव कुणाच्या वहीत लागणार हाय?"

"वही कसली आण्णा? मालकाचा फोन आलता. सोमवारी ये म्हणला."

"मंग नाव न्हाईच."

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालेलं, हाताला गुण असलेलं, धाकट्या बहिणीचं एकुलतं पोर. मी मध्ये पडून म्हणाले, आण्णा, आता वह्या राहिल्या नाहीत, पैसे थेट खात्यावर येतात. त्यांनी माझे ओठ वाचले आणि मान हलवली. "पैशाला खातं असतंय गं बाई. माणसाला वहीच लागती."

लहानपणापासून आण्णांच्या, आत्याच्या, आजीच्या तोंडून मी कामाच्या गोष्टी तुकड्यातुकड्यांनी ऐकत आले. एक तुकडा धरणाचा, एक दुष्काळाचा, एक उसाचा. त्या रात्री आण्णांनी ते सगळे पोरापुढं ओळीनं मांडले, आणि माझ्या घराण्याच्या चार पिढ्यांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतोय, हे मला पन्नाशीत आल्यावर कळलं.

सुरुवात पणज्यापासून. तेव्हा गेवराई निजामाच्या राज्यात. साहेबाचा मुक्काम पडायचा असला, सडक नीट करायची असली, की चावडीवरून सांगावा यायचा आणि बैलं-गाडी घेऊन हजर व्हावं लागायचं. दगडी रूळ ओढून मुरूम दाबायचा. ती वेठ. तिला दाम नव्हता, त्यामुळं हिशोब नव्हता, आणि हिशोब नाही म्हणून नाव लिहायची गरजच कुणाला पडली नाही. आजी सांगायची, पणजोबांच्या बैलाचं नाव सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण ज्या सडकेवर तो बैल बसला आणि उठलाच नाही, त्या सडकेच्या कुठल्याच कागदावर धन्याचं नाव नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचा अंमल गेला. वेठही हळूहळू गेली, पण तिची सवय लवकर गेली नाही.

नाव न लिहिण्याची ही रीत त्याहूनही जुनी. आमच्या तालुक्यातल्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. मी शाळेत हा धडा शिकवते. गोदावरीला पूर होता, निजामाची निम्मी फौज पलीकडं आणि निम्मी अलीकडं अडकली, अलीकडच्या फौजेबरोबर विठ्ठल सुंदर मारला गेला, हे मुलांना पाठ असतं. शिकवताना दरवेळी मला ते दोर, त्या नावा आणि त्या पुरात अवजड सामान ओढणारी माणसं दिसतात. त्यांच्याविषयी मुलांना सांगायला माझ्याकडं काही नसतं.

आजोबांचा काळ मोटेचा. आण्णा म्हणतात, क्रेनची सगळी विद्या आपल्या विहिरीवरच होती, तिला फक्त इंजिन नव्हतं. वर चाक, चाकावरून जाड नाडा, खाली मोटेच्या सोंडेला बांधलेला बारका सोंदूर, आणि धावेवर पुढं-मागं चालणारी बैलं. मोट थारोळ्यावर आली की सोंदरानं सोंड ओढली जायची आणि पाणी आपोआप ओतलं जायचं. वजन कुठं लटकतंय, ते वर येताना कुठल्या बाजूला झुलणार, दोर चाकावरून कधी उतरेल, हे सगळं शेतकऱ्याच्या पोराला दहाव्या वर्षी कळायचं. नाडा कुठं झिजलाय ते बघायला आजोबा डोळे मिटून त्यावरून हात फिरवायचे. तारेच्या दोरावरून मात्र उघडा हात फिरवू नये, एक तुटकी तार तळहात फाडून जाते, तिथं फडकं धरावं. हे आण्णांनी पोराला त्याच रात्री सांगितलं.

मोटेनंतर यारी आली. मराठवाड्यात विहीर खोदायची म्हणजे यारी लागते. काठावर उभा केलेला खांब, त्याला आडवा दांडा, इंजिनवर फिरणारा ड्रम, तारेचा दोर आणि दगड-मातीची बादली. खाली चार माणसं सुरुंगानं फुटलेला दगड भरतात, वर एकजण ब्रेकवर पाय ठेवून उभा. आजोबांचा धाकटा भाऊ खाली असताना दोर तुटला आणि भरलेली बादली त्याच्यावर आली. आमच्या घरात हे कुणी जास्त बोलत नाही. धाकटी आजी तेव्हा बावीस वर्षांची होती. भरपाईसाठी कुणीतरी तिला तालुक्याला घेऊन गेलं. कामावर जीव गेला किंवा अवयव गेला तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा १९२३ सालीच या देशात झाला होता. पण तिला विचारलं गेलं, तो कामावर होता याचा पुरावा काय? विहीर ज्याची होती तो म्हणाला, माझा यारीवाल्याशी व्यवहार. यारीवाला म्हणाला, तो आपणहून खाली उतरला होता. वही कुणाचीच नव्हती. आण्णा तेव्हा अंगणात खेळणारं पोर होते, पण धाकट्या काकीचं परत येणं, येऊन उंबऱ्यावर बसणं त्यांना आठवतं. त्यांचा प्रश्न त्या उंबऱ्यावरचा आहे, हे मला आजवर उमजलं नव्हतं.

१९६७ साली बीडनं क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर निवडून दिलं. सातारच्या माणसाला, लाल बावट्याच्या माणसाला, मराठवाड्यानं आपला मानलं. आण्णांना मत नव्हतं, पण सभेला ते गेले होते. पुढच्या वर्षी, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, शहागडचा पूल ओलांडून ते पैठणला धरणावर गेले.

जायकवाडी धरणाचं नाव ज्या गावावरून पडलं, ते गाव आपल्याच बीड जिल्ह्यातलं. हैदराबाद राज्याच्या काळातला पहिला आराखडा तिथला होता. पुढं जागा बदलून वर पैठणला गेली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. या दोन तारखांच्या मध्ये दहा वर्षांहून अधिक काळ जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध थरावर थर चढत होता. आण्णांची जवानी त्या थरांत आहे.

त्यांना पहिलं काम मिळालं खलाशाच्या हाताखाली. खलाशी म्हटलं की वाचकाला समुद्र आठवेल. पण धरणावर, कारखान्यावर, पुलावर अवजड वस्तू उचलून जागेवर बसवणाऱ्याला आजही खलाशीच म्हणतात, कारण ही विद्या जहाजांवरून जमिनीवर आली. तिची भाषाही तिथलीच. वजन वर घ्यायचं तर 'हबेस', खाली सोडायचं तर 'आरिया'. आरिया हा शब्द पोर्तुगीज खलाशांकडून आलेला, त्यांच्या भाषेत 'आरियार' म्हणजे खाली उतरवणं. गोव्याच्या-मुंबईच्या बंदरातून तो शब्द गोदावरीच्या काठी आला आणि गेवराईच्या एका पोराच्या तोंडी बसला. केरळात बेपूरच्या खलाशांची कीर्ती अशीच आहे. ८ जुलै १९८८ ला पेरुमणजवळ आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते वर काढायला त्यांनाच बोलावलं होतं.

आण्णांचे उस्ताद अंगानं बारीक होते. आण्णा त्यांचं नाव घेताना अजून कानाच्या पाळीला हात लावतात. या उस्तादांनी पहिलं वर्षभर दोराला हात लावू दिला नाही. पहाटे उठून ग्रीस भरायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, डोझरच्या चेनमध्ये अडकलेला चिखल पहारीनं काढायचा, उस्तादांचे कपडे धुवायचे, चहा आणायचा, रात्री यंत्राखालीच झोपायचं. दुपारी साहेब जेवायला गेले की तेवढा अर्धा तास उस्ताद म्हणायचे, बस. त्या अर्ध्या अर्ध्या तासांची बेरीज म्हणजे आण्णांचं शिक्षण.

याला आपल्याकडं उमेदवारी म्हणत. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक डोळ्यांपुढं येते. पण पुढंमागं नोकरी लागेल या उमेदीवर कचेरीत बिनपगारी राबणारा तो उमेदवार, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. सरकारनं १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला, त्यात करार आला, मुदत आली, विद्यावेतन आलं. त्या कायद्यानं शब्दातला बिनपगारीपणा पुसायचा प्रयत्न केला, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. यंत्राखाली झोपणाऱ्या आण्णांपर्यंत मात्र तो पोचला नव्हता.

उस्तादांनी जे शिकवलं, ते आण्णांनी त्या रात्री पोराला शिकवायला घेतलं. आधी माती. धरणाच्या पोटात काळी चिकण माती, ती पाणी अडवते. दोन्ही अंगांना मुरूम, तो तिला तोलून धरतो. काळ्या मातीच्या प्रत्येक थरावर खुरांचा रोलर फिरायचा, पण ओल नेमकी असली तरच. प्रयोगशाळेत साहेब लोक मोजायचे, उस्ताद मुठीत मोजायचे. मूठभर माती दाबायची. हाताला चिकटली तर ओल जास्त, रोलर थांबव. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी मार. गोळा राहिला आणि अंगठ्यानं दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला, तर चालू दे.

मग दोर. आण्णांनी आत्याला हाक मारली, पाण्यानं भरलेली बादली आणवली, कडीतून दोर ओवला, एक टोक माझ्या हातात, दुसरं पोराच्या. जवळ उभे राहून उचललं तर बादली सहज वर आली. "आता मागं सरका." आम्ही एकेक पाऊल मागं गेलो तशी तीच बादली जड होत गेली. दोर आडवा व्हायला लागला तेव्हा माझे हात थरथरायला लागले. पाण्याचा एक थेंबही वाढला नव्हता. पोरानं आयटीआयचं गणित काढलं: दोन पायांचा स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत असला, तर एक टन वजनाला प्रत्येक पायावर सुमारे ५८० किलो ताण येतो. तोच कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक पायावर अख्खा एक टन. आण्णांना अंश ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होतं ते इतकंच, की पाय फाकलेला स्लिंग माणूस खातो.

आणि तिसरी गोष्ट इशाऱ्याची. क्रेन चालवणाऱ्यानं एकाच माणसाचे हात बघायचे, बाकी कुणी कितीही ओरडो. याला अपवाद एकच. 'थांब' हा इशारा कुणीही द्यावा आणि ऑपरेटरनं त्याच क्षणी थांबावं. कुणी म्हणजे कुणीही. पाणी पाजणारी बाई असो, कालच आलेलं पोर असो. "आडवा हात घालायचा हक्क सगळ्यायला," आण्णा म्हणाले. "खरंच धोका व्हता का न्हाई, ते मागून बगायचं." जगभरच्या उचलकामाच्या नियमांत हे कलम आहे. पण ज्याला उद्या काढून टाकतील अशी धास्ती आहे, तो आडवा हात घालेल का? उस्ताद घालू शकत होते, कारण उस्ताद कायम होते.

आण्णा कायम कसे झाले, त्याची गोष्ट त्यांनी सर्वांत सावकाश सांगितली. धरणावर मस्टर होतं. सकाळी कारकून नावं पुकारायचा, हजर म्हणायचं, पगाराला सही किंवा अंगठा. आण्णांनी स्वतःचं नाव पहिल्यांदा परक्या माणसाच्या तोंडून आडनावासकट ऐकलं ते त्या मस्टरवर. युनियनच्या सभा रात्री व्हायच्या, गॅसबत्तीच्या उजेडात. तिथंच त्यांना कालेलकर निवाडा कळला. सरकारी बांधकामांवर आणि पाटबंधाऱ्यांच्या कामांवर राबणाऱ्या रोजंदारी मजुरांसाठी १९६७ साली हा निवाडा झाला. सलग पाच वर्षं काम केलेल्याला 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने'वर घ्यायचं, असं त्यात ठरलं. असल्या लांबलचक नावाला आण्णा 'कालेलकर लागणं' म्हणतात. अमक्याला कालेलकर लागला, तमक्याचा हुकला. हुकायचा कशानं? सलग या शब्दानं. मस्टरमध्ये मधेच पंधरा दिवसांचा खंड टाकला की पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. एका ठिकाणी आण्णांच्या नावापुढंही असा खंड पडला होता. ठिकाण कुठलं ते मी लिहीत नाही. उस्ताद आणि युनियनचे दोघं त्यांना घेऊन कचेरीत गेले. त्या पंधरा दिवसांत आण्णा कामावर होते, हे कशावरून? डिझेलच्या पावत्यांवरून. यंत्रात तेल भरलं की सही करायची, ती सही आण्णांची होती. खंड खोडला गेला. पुढं त्यांचं सेवापुस्तक निघालं. आमच्या घराण्यातल्या माणसाच्या नावानं सरकारनं उघडलेलं ते पहिलं पुस्तक.

त्याच सुमाराला १९७२ चा दुष्काळ पडला होता. आत्या तेव्हा सासरी होती, राक्षसभुवनच्या अंगाला. ती खडी फोडायला गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांतली ती एक. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, बोटांना चिंध्या बांधून हातोडा. खोदकामावर मातीचा एक खुंट न खोदता मध्ये ठेवायचे, त्याच्या उंचीवरून कारकून ब्रास मोजायचा. तो खुंट रात्री कुणी ढासळू नये म्हणून बायका आळीपाळीनं तिथं झोपत. आत्याला लिहिता येत नाही, पण तिचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते दुष्काळाच्या मस्टरवर. लग्नपत्रिका नव्हती, शाळेचा दाखला नव्हता. "माझं नाव दुष्काळानं लिवलं," असं ती म्हणते. मागेल त्याला काम हा हक्क वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि या लाखो नावांच्या जोरावर १९७७ मध्ये कायद्यात आला. पुढं देशानं तो उचलला.

मग माझ्या वडिलांची वही. ते धाकटे. धरणाची भरती संपली तेव्हा ते मोठे झाले. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटरचा, गेवराई तालुक्यातून माजलगावच्या जलाशयाकडं जातो. तो खोदणाऱ्यांत वडील होते, पण ठेकेदाराच्या हाताखाली, आणि काम संपलं की संपलं. त्यानंतर ऊसतोडीचा कोयता. आई आणि वडील मिळून एक कोयता, आमच्याकडं नवरा-बायकोची मोजदादच अशी करतात. मुकादमाकडं जाड लाल वही होती. त्यात वडिलांचं नाव ठळक अक्षरांत होतं, वर्षानुवर्षं होतं, कधीच गळलं नाही. नावापुढं उचल, त्यातून टनांचे पैसे वजा, आजारपणाचे खाडे पुन्हा उचलीत जमा, आणि शेवटी बाकी. ती बाकी पुढच्या हंगामाच्या पहिल्या ओळीत. आईच्या नावाला त्या वहीत जागा नव्हती, मात्र तोडलेल्या उसात निम्मा हात तिचा होता. या वहीनं आमची दहा वर्षं धरून ठेवली. मी शिकले ती आण्णांच्या सेवापुस्तकामुळं. त्यांनी मला धरणाच्या वसाहतीतल्या शाळेत घातलं, माझी फी भरली. एकाच आईच्या दोन लेकरांमधला फरक वहीचा होता. हे लिहिताना वडिलांचा काळाठिक्कर पडलेला हात माझ्या डोळ्यांपुढं आहे, आणि मला ही गोष्ट सौम्य शब्दांत सांगता येत नाही.

आता ऊसतोड कामगारांची ग्रामपंचायतीकडं नोंद होते, ओळखपत्र मिळतं. त्याचबरोबर फडात हार्वेस्टर आलेत. कोयत्यांच्या एका टोळीचं काम ते यंत्र करतं आणि त्याच्या केबिनमध्ये बहुतेक वेळा कोयतेवाल्याचंच पोर बसलेलं असतं. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा आमच्या शाळेतली सातवी-आठवीची पोरं सुट्टीत कुंपणाशी उभी राहून पोकलेन बघायची. कुठली कंपनी, किती टनांचा, तोंडपाठ. पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव; आपल्याकडं ते यंत्राच्या जातीलाच चिकटलं, जेसीबीसारखं. ही ओढ खोटी नाही. ज्यांच्या चार पिढ्यांनी माती डोक्यावर वाहिली, त्या पोराला बोटभर दांड्यानं ट्रकभर माती उचलता येते, तेव्हा त्याच्या छातीत काय होत असेल ते मी समजू शकते.

माझा एक चुलतभाऊ कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहे. तो दिवाळीला येतो तेव्हा टोळीतल्या गोष्टी सांगतो. लोखंडी पत्र्यांची गुंडाळी कशी धरायची, साखळी कुठं घालायची, हे तोही टोळीतच शिकला, उस्तादाकडूनच. पण त्याच्या टोळीचं नाव माथाडी मंडळाच्या दप्तरात आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोदीत-बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक मजुरी मंडळाकडं भरतो, वर लेव्ही भरतो, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना चालतो. आज या दुकानात, उद्या त्या दुकानात काम केलं तरी माणसाची नोंद एकाच जागी राहते. जिथं मालक रोज बदलतो, तिथं कामगाराचं नाव टिकवायचं कसं, या कोड्याचं उत्तर मराठी माणसानं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी शोधून ठेवलं आहे. पोकलेनच्या पोरांचा मालकही असाच दर कामाला बदलतो. त्यांच्यासाठी हे उत्तर कुणी का वापरलं नाही, हा प्रश्न मला छळतो.

भाच्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या ऑपरेटरांचे व्हिडिओ पाहिलेत. तिथं यंत्र चालवणाऱ्यांची संघटना १८९६ पासून आहे, पोलादी सांगाडे उभारणाऱ्या आणि उचलकाम करणाऱ्यांचीही त्याच वर्षापासून. शिकायचं तर युनियन आणि ठेकेदार मिळून चालवतात त्या उमेदवारीत भरती व्हायचं. तीन-चार वर्षं, वर्ग आणि साइट दोन्ही, आणि पहिल्या दिवसापासून पगार, तो शिकत जाल तसा पायरीपायरीनं वाढणारा. मी हे आण्णांना सावकाश, ओठ स्पष्ट हलवत सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी उस्तादाचे कपडे धुवावं लागत न्हाईत." आणि थोड्या वेळानं, "पर उस्ताद असतोय ना?" मी म्हटलं, असतो. त्यांना बरं वाटलं.

आणि आपल्याकडं? १ ऑगस्ट २०२३ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं, वीस माणसं गेली. त्या दिवशी आण्णांनी दिवसभर टीव्ही बंद करू दिला नव्हता. आवाज त्यांना येत नव्हता, ते खालची पट्टी वाचत होते. मेलेल्यांची नावं येतात का, ते बघत होते.

पोराला थांबवायचं नाही, हे ठरलंच होतं. काम नाही तर दुसरं काय? पण आण्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गेवराईच्या बाजारात पाठवून दोनशे पानी वही आणायला लावली. पट्टीनं रकाने त्यांनी स्वतः आखले, हात थरथरत होता तरी माझ्या हातात पट्टी दिली नाही. तारीख. गाव. कुठलं मशीन. सकाळचा अवरमीटर, संध्याकाळचा अवरमीटर. डिझेल किती. काय शिकला. शेवटचा रकाना सहीचा.

या वहीला कायद्यात थोडी जागा आहे, ती मी शोधून काढली. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून कामगारांचं कल्याण करायचं, असा. रस्ता, पूल, कालवा, धरण, सगळं त्यात बसतं. आपल्या राज्यात त्याचं मंडळ आहे. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. दाखला ठेकेदाराचा किंवा ग्रामपंचायतीचा. "नव्वद," आण्णांनी पोराला बोटांवर मोजून दाखवलं. "नव्वद सह्या झाल्या की मला फोन करायचा. न्हाई दिल्या तर डिझेलच्या पावत्यांचे फोटू काढून ठेवायचे. आन तिथं आजून कुणी पोरं असतील तर त्यांलाबी वही करायला लाव. एकट्याची वही फाडत्यात."

"आन आडवा हात," पोरगं हसत म्हणालं.

आण्णा हसले नाहीत. "घालशील?"

पोरानं उत्तर दिलं नाही. पिशवी उचलून आण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं, आत्याच्या ठेवलं, माझ्या ठेवलं. सोमवारी पहाटेच्या बसला मी त्याला स्टँडवर सोडलं.

मंगळवारी रात्री त्यानं वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर घाईचं होतं. ग्रीस भरलं, चेन साफ केली, फिल्टर बदलताना पाहिलं. अवरमीटर सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही आकडे. मी मोबाइल आण्णांच्या डोळ्यांपुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं, मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे जरा मोठं कर. सही कुणाची हाय?"